मोरी आहे का?

गेल्या वर्षी आमच्या नांदेडात लातूर रस्त्याला एक हॉटेल उघडलं. पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'ऑयस्टर बार आणि सी-फूड'. आता ऑयस्टर म्हणजे काय हे नांदेडात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण बार म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. झालं! दोन महिन्यांत त्या हॉटेलाची अशी बदनामी झाली, की आमच्या गल्लीतल्या बाया तिथून जाताना मान दुसरीकडं फिरवायच्या. मीही फिरवायची. अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते मी. माझ्या हाताखालून गेलेली निम्मी पोरं ह्याच शहरात रिक्षा नाहीतर दुकान चालवून राहिली. त्यातल्या एकानं जरी "बाई बारात दिसल्या" म्हणलं असतं, तर तोंड कुठं लपवायचं?

आणि त्याच बारात मी माझ्या सुनेला घेऊन जेवायला गेले. स्वतःहून. नवऱ्याशी भांडून.

कारण सांगते. सून आमची मालवणकडची. पोरगं पुण्याला शिकत असताना त्या दोघांचं जमलं, आम्ही दोन्हीकडचे हो म्हणालो, लग्न झालं. तिला इथल्याच एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, म्हणून मी पेढे वाटले. आणि लग्नाला महिना झाला नाही तोच आमच्या चिरंजीवांना कंपनीनं ट्रेनिंगला हैदराबादला धाडलं, सहा महिन्यांसाठी. घरात राहिलो आम्ही तिघं. मी, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले आमचे हे, आणि ती परकी पोर.

पोर गुणी, त्यात वाद नाही. पण बोलायचीच नाही. काही विचारलं की "छान आहे, आई." वरण कसं झालं? छान आहे, आई. खोलीत गरम होतंय का? नाही आई, छान आहे. मला ते 'छान आहे' ऐकून तिडीक जायची डोक्यात. अगं, भांड ना एकदा तरी! मी माझ्या सासूशी तिसऱ्याच दिवशी भांडले होते, पुढं मरेस्तोवर आमचं गूळपीठ होतं. ही मासे खाणारी म्हणून मी मुद्दाम बाजारातून गोदावरीची ताजी मरळ आणली, चांगलं काळं तिखट घालून रस्सा केला. तिनं खाल्लं. दोन तांबे पाणी प्याली आणि डोळे पुसत म्हणाली, "छान आहे, आई."

मग एका संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर ती पाण्याच्या टाकीमागं बसून तिच्या आईशी फोनवर बोलत होती. मालवणीत. चोरून ऐकू नये हे मला कळतं, पण हातात ओल्या चादरीचं टोक होतं आणि पाय हलेनात. ती म्हणाली, "आये, माका हय गमना नाय." एवढंच. मालवणी मला येत नाही, पण गमत नाही म्हणजे काय हे कळायला मालवणी कशाला यावी लागते!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी चहा घेताना म्हणाली, "आई, सोमवारी गावाला जाऊन येते." मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "बघते." आणि दुपारी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. छोटी होती की हाताशी! आठ दिवसांच्या माहेरपणाला कुणी एवढी मोठी बॅग नेतं का? पोराला फोन केला तर तो म्हणतो, "आई, तू उगाच टेन्शन घेऊन राहिलीस." लेकाला काय कळतंय! मला कळलं होतं. ही गेली, की येत नाही. आली तरी नवऱ्याचं बखोट धरून त्याला पुण्याला नाहीतर कोकणात न्यायला येईल. माझ्याजवळ शनिवार आणि रविवार असे दोनच दिवस होते.

शनिवारी भाजी घेऊन रिक्षानं येताना मी त्या निळ्या पाटीपाशी पुन्हा मान दुसरीकडं फिरवली. रिक्षावाला माझाच विद्यार्थी, उजळणीत कच्चा असलेला. तो आरशातून बघून हसला. "बाई, तिथं दारू न्हाई भेटत. समुद्रातले किडे भेटतेत. मुंबईहून बर्फाच्या पेट्यांत येतेत." मी म्हणलं, थांब. रिक्षा थांबव. मी तिथंच उतरले आणि पाटी खालपर्यंत वाचली. खाली बारीक अक्षरांत 'अस्सल मालवणी चव' असं लिहिलेलं होतं. माझं लक्ष कधी तिथवर गेलंच नव्हतं, मान फिरवायच्या गडबडीत.

रविवारी दुपारी जायचं ठरवलं तर आमचे हे अडून बसले. "मी इज्जतीनं रिटायर झालेला माणूस. कालवा निरीक्षक! अन् आता म्हातारपणी बारात? ते बी सुनंला घेऊन?"

"आवं, मासे खायचा बार हाय तो."

"मंग खानावळ म्हणावं. बार काहून म्हणायचं?"

"तुम्ही घरी बसा. आम्ही दोघी जातो."

हे ऐकल्याबरोबर उठले. पण जाताना खिशातली दस्ती काढून तोंडाला बांधली. भर दुपारी, स्कूटर नाही काही नाही, रिक्षात बसून तोंडाला दस्ती! मी म्हणलं, आता मात्र नक्की लोक समजतील काहीतरी भानगड आहे. सून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. बिचारीला आम्ही फक्त "बाहेर जेवायला" एवढंच सांगितलं होतं.

आत गेलो. भिंती निळ्या, छताला मासे धरायचं जाळं, जाळ्यात प्लास्टिकचे खेकडे, आणि एका भिंतीतून खरीखुरी अर्धी होडी बाहेर आलेली. नांदेडात होडी, आणि ती पण भिंतीतून! मला हसू आलं. पण सून दारातच उभी राहिली. तिनं डोळे मिटले आणि मोठ्ठा श्वास घेतला. आतून खोबरं, लसूण आणि आणखी कसलातरी आंबूस वास येत होता. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते चार महिन्यांत मी बघितलं नव्हतं.

वेटर मिशाळ, आमच्याच वयाचा. सदऱ्यावर जहाजाचा नांगर छापलेला. ह्यांनी दस्ती सोडली आणि गाव विचारलं, तसं तो खुलला. "इस्लापूरचा हाय मी. समुंदर न्हाई बघितला कधी, पर सहस्रकुंडाचा धबधबा रोज बघितला. पाणी ते पाणीच." त्यानं कार्ड आणून ठेवलं.

ते कार्ड बघून माझी जी काही फजिती झाली! सगळं मराठीत होतं. स्वच्छ देवनागरीत. अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवली मी, आणि मला ओळीमागून ओळ वाचूनही अर्थ लागेना.

आमच्या ह्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "तिसऱ्या सुक्कं." मग माझ्याकडं बघितलं. "तिसऱ्या म्हंजे? पहिल्या-दुसऱ्या कुठं हायत?"

मी मास्तरीण ना, मला गप्प बसवत नाही. मी म्हणलं, "क्रमवाचक विशेषण हाय ते. पुढचं नाम छापायचं राहिलं असंल. तिसऱ्या वाटपाचं सुक्कं, असं काहीतरी."

ह्यांनी वेटरलाच विचारलं, "काय हो, पहिल्या अन् दुसऱ्या न्हाईत का?"

न कळणारं काही कळत नाही म्हणून कबूल करायचं, हे आमच्या मुलखात कुणालाच जमत नाही. त्यानं छाती काढून सांगितलं, "बंद केल्या मालक. पहिल्या-दुसऱ्याला गिऱ्हाईकच न्हाई. तिसऱ्याच चालतेत."

"हां," म्हणून ह्यांनी मान डोलावली. सुनेनं कार्ड उचलून तोंडासमोर धरलं. कार्डामागं तिचे खांदे हलत होते. म्हणलं, रडते की काय! आणलं कशाला हिला इथं, आई आठवली असंल.

विषय बदलावा म्हणून मी पुढची ओळ वाचली. "कालवं फ्राय."

"कालवं?" आमचे हे ताडकन ताठ झाले. "आगं, तीस वर्षं कालव्यावर पायी फिरलो मी. एक रुपयाचा कालवा खाल्ला न्हाई कधी. अन् आता तळून देऊन राहिले?"

सुनेनं कार्ड खाली घेतलं. डोळे ओलेच होते तिचे. तिनं आमच्याकडं बघितलं नाही, वेटरकडं बघितलं. आवाज अगदी बारीक, लहान लेकरू आशेनं विचारतं तसा.

"मोरी आहे का?"

आता तुम्ही मराठवाड्यातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. आमच्यात मोरी म्हणजे न्हाणी. अंघोळीची, भांड्यांची, अडल्या वेळची. वेटर सज्जन माणूस. बाईमाणसाला लाज वाटू नये म्हणून खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "हाय की ताई. मागल्या दारानं, डाव्या हाताला. पर नळाला पाणी न्हाई आज. थांबा, बकीट भरून देतो."

आणि मी! मी तर त्याच्याहून शहाणी. मी तिचा दंड धरून उभीच राहिले. "चल बाळा, मी येते सोबत. मघापासून दम काढून बसली होतीस का? सांगायचं न्हाई का मला?"

ती माझ्याकडं बघत राहिली. खालचा ओठ थरथरायला लागला. मला वाटलं, संपलं. आता ही रडणार, आणि सोमवारची वाटसुद्धा बघणार नाही.

आणि ती फुटली. हसायला! अगं माय, काय हसली ती पोरगी! आधी नुसता आवाज न निघता तोंड उघडं, मग टेबलावर हात आपटत, मग डोकंच टेबलावर ठेवून. मधूनच मान वर करून "मोरी... मोरी..." म्हणायची आणि पुन्हा खाली. शेवटी कसंबसं तिच्या तोंडून निघालं, "मासा आहे आई! मोरी म्हणजे मासा!"

आमचे हे एकदम गंभीर. "मोरीत मासा? तिथं कसा गेला?"

झालं. मग माझाही बांध फुटला. मी उभी होते ती बदकन खुर्चीत बसले. हसून हसून मुरकुंडी वळली, बरगड्या दुखायला लागल्या, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. वेटर बकेट घेऊन आला होता, खरंच भरलेली बकेट, आणि ती हातात धरून तोही हसायला लागला, कशाला हसतोय हे माहीत नसताना. पाणी डचमळून त्याच्या बुटात. ते बघून सून पुन्हा टेबलाखाली.

थोडं हसू ओसरल्यावर तिनं आम्हाला शिकवलं. मी पहिल्यांदाच विद्यार्थिनी झाले. मोरी म्हणजे लहान शार्क, तिची आई तिचं मटणासारखं झणझणीत कालवण करते. तिसऱ्या म्हणजे छोट्या शिंपल्या. आणि कालवं म्हणजे खडकाला चिकटणारी शिंपली, तीच ती ऑयस्टर. तिची आजी ओहोटीला खडकावर बसून कोयत्यानं फोडायची. हे सांगताना तिचे हात चालत होते. चार महिन्यांत तिच्या हातांना काम आहे हे मला कळलंच नव्हतं, ती आपली मांडीवर घडी घालून बसायची.

मोरी नव्हती. मासा मोरी, म्हणजे. पण तिसऱ्या आल्या, आणि एका परातीत बर्फावर मांडलेली कच्ची कालवं आली, लिंबाच्या फोडी लावून. अशीच उचलायची आणि गिळायची, असं वेटर म्हणाला. सुनेनं एकेक उचलून नाकाशी नेलं. वास मारणारी दोन बाजूला काढली. मग उठलीच ती. "कच्ची नकोत. इतक्या लांबून आलीयेत. तुमचा गॅस कुठाय?" आणि परात घेऊन सरळ भटारखान्यात! वेटर तिच्यामागं "ताई, आवं ताई" करत. आतून तिचा आवाज ऐकू यायला लागला. "एवढा मोठा जाळ नको. थांबा, मी करते. खोबरं कोणी भाजलंय हे? करपवलंय!" माझ्या सुनेचा आवाज! कुणावर तरी चिडलेला! मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "हिला आवाज हाय की."

भाजलेली कालवं घेऊन ती लालबुंद चेहऱ्यानं परत आली. एक माझ्या हातात दिलं. आतलं ते मऊ, राखाडी प्रकरण बघून माझ्या अंगावर काटा आला. पण सासूनं माघार घ्यायची नसते. मी डोळे मिटले आणि टाकलं तोंडात. खारट, धुराचा वास, आणि मग आत कुठंतरी लोण्यासारखं. मी डोळे उघडले. म्हणलं, "अजून एक दे." ह्यांनी पाच खाल्ली. दर वेळी म्हणायचे, "गेली इमानदारी. खाल्ला शेवटी कालवा."

मग भाकरी आली, तांदळाची, आणि वाट्यांतून गुलाबी सोलकढी. मी भाकरीचा तुकडा मोडेस्तोवर आमच्या ह्यांनी आपली अख्खी भाकरी सोलकढीत कुस्करली होती. चार बोटांनी, दुधात कुस्करावी तशी, वर मीठ टाकून.

"बाबा!" सून किंचाळली. "काय केलंत हे! ती प्यायची असते!"

"पितोच की. भाकरीसंगं."

"कोण कुस्करतं सोलकढीत? शी! दाखवा इकडे." तिनं त्यांच्या वाटीतला घास उचलून तोंडात टाकला. चावला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं भुवया उडवल्या आणि गुपचूप आपल्या वाटीत भाकरी मोडायला लागली. मला एवढा आनंद झाला होता की मी वेटरला बिनकामाची आणखी एक सोलकढी सांगितली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या आईचा, रविवारचा नेहमीचा. एरवी ती फोन घेऊन गच्चीवर जायची. तेव्हा मात्र तिनं तो तिथंच टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून उभा केला आणि तिसऱ्या खात खात व्हिडिओवर बोलायला लागली. विहीणबाईंनी मला नमस्कार केला, मी डाव्या हातानं केला, उजवा तिसऱ्यांनी बरबटला होता. सून भराभरा सगळं सांगत होती. ह्यांची दस्ती, पहिल्या-दुसऱ्या, भिंतीतली होडी. मालवणीत इतक्या घाईत, की मला निम्मंच कळत होतं. हसली, जेवली, सगळं झालं, पण उद्या सोमवार. बॅग भरलेली होती. तीन वेळा जिभेवर आलं, कधी येशील परत? तीन वेळा घासाबरोबर गिळलं. विचारलं आणि ती पुन्हा "बघते" म्हणाली तर?

ती बकेटीपर्यंत आली होती. "आणि तो काय म्हणता, मागल्या दारान जावा!" ती पुन्हा हसायला लागली. फोनमधून तिच्या आईनं विचारलं, कसलं मागलं दार? मोरीचं आणि दाराचं काय? तिला काही केल्या कळेना.

"अगो आये," सून म्हणाली, "आमच्यात मोरी म्हणजे न्हाणी!"

फोनमधला चेहरा एकदम जवळ आला. मग विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आमच्यात? खंयच्या गो आमच्यात?"

सून शिंपलीतलं मांस बोटानं सोडवत होती. तिनं मान वर केली नाही.

"हयच्या गो," ती म्हणाली. "नांदेडच्या." आणि शिंपली चोखून ताटात टाकली.

आमच्या ह्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं, ते आपले सोलकढी भुरकत होते. मी टेबलाखालून त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला, की ते "आगं माय" म्हणून केवढ्यानं ओरडले.